एटसीडीचा क्लस्टर वाढवताना: एका गाळप हंगामाचा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस, त्यावर पॅट्रोनी (मुख्य डेटाबेस पडला तर दुसऱ्याला पुढे करणारं सॉफ्टवेअर), आणि सध्या मुख्य डेटाबेस कोणता याची नोंद ठेवायला एटसीडी. वापरून आठ महिने झाले. एटसीडीबद्दल तक्रारी थोड्याच आहेत. मोठी चूक माझीच, तीही पहिल्या आठवड्यात.

सुरुवातीला एटसीडी एकाच मशीनवर होतं, गेटच्या ऑफिसात. दुसरं जोडून क्लस्टर (एकत्र काम करणाऱ्या मशीनचा गट) करायला मी 'मेंबर ॲड' कमांड मारली आणि पत्त्यात पोर्ट टाकला २३७९. तो क्लायंटसाठी असतो. सर्व्हर आपसांत बोलतात २३८० वर. मला वाटायचं, नवं मशीन चालू होईपर्यंत जुन्याला काय फरक पडणार? पण सभासद वाढतो तो कमांड मारल्याबरोबर. एटसीडी चालतं ते सभासदांचं बहुमत हजर असेल तरच. यादीत दोन नावं आली की बहुमत दोघांचं, आणि दुसरा तर अजून उठलेलाच नाही. लीडर, म्हणजे सगळ्या नोंदी ज्याच्यामार्फत होतात तो सर्व्हर, गेला. चुकीचं नाव काढावं म्हणून 'मेंबर रिमूव्ह' मारलं, तर त्यालाही बहुमत लागतं!

एटसीडी उत्तर देईना म्हणून पॅट्रोनीनं नियमाप्रमाणे डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवला. स्क्रीनवर वजन दिसतंय, पावती काही निघत नाही. काट्यावरच्या मामांचा फोन आला, "सर, काय करू लालाव तुमी तिकडं? ट्रॅक्टरची रांग पार रोडाला लागली की!"

शेवटी जुनं मशीन 'फोर्स न्यू क्लस्टर' देऊन उठवलं. डेटा जसाच्या तसा, यादीत तो एकटा. तो पर्याय सर्व्हिस फाइलीतून तिथल्या तिथे काढून टाकला. राहिला असता तर पुढच्या रीस्टार्टला त्यानं बाकीच्यांना पुन्हा यादीबाहेर काढलं असतं. (नव्या मशीनला तोच चुकीचा पोर्ट देऊन उठवलं असतं तरी सुटका झाली असती. हे सुचलं रात्री जेवताना.)

तेव्हापासून नवं मशीन आधी लर्नर म्हणूनच घेतो. ही सोय ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून आहे. लर्नरकडे डेटा येत राहतो, मत नसतं. पत्ता चुकला तर काढून टाका, काट्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. तो लीडरच्या बरोबरीला आलेला नसेल तर 'प्रमोट' करायला, म्हणजे मत द्यायला, एटसीडीच नकार देतं. मात्र एकाचे तीन करताना मध्ये दोन सभासदांचा टप्पा येतो, आणि तेव्हा दोघांपैकी कुणीही पडला तरी सगळं ठप्प. म्हणून आधी स्नॅपशॉट (डेटाची प्रत) घेतला आणि दोन्ही मशीन एकाच दुपारी उरकली. तिसरं मुद्दाम डिस्टिलरीकडे ठेवलं. तिथली लाईन वेगळी आहे.

मग साहेब म्हणाले, चौथं पण घेऊन टाकू, तेवढंच सुरक्षित. त्यांना कागदावर मांडून दाखवलं: तिघांत बहुमत दोन, एक पडलेला चालतो. चौघांत बहुमत तीन, पडलेला तरीही एकच चालतो. ते पैसे यूपीएसच्या बॅटऱ्यांना गेले.

जानेवारीत डिस्टिलरीतल्या मशीनची डिस्क गेली. या वेळी आधी मेलेल्याचं नाव काढलं, मग नव्या डिस्कवर रिकाम्या डेटा फोल्डरनं लर्नर घेतला. जुन्या फोल्डरवर तेच मशीन उठवायला गेलं तर ते 'मला कायमचं काढून टाकलंय' म्हणत बंद पडतं.

खरी तक्रार आहे ती कॉन्फिगरेशन फाइलीतल्या 'इनिशियल क्लस्टर' या ओळीची. पहिल्यांदा चालू होताना ती वाचली जाते, नंतर तिच्याकडे कुणी बघत नाही. गेटवरच्या मशीनच्या फाइलीत अजून एकच नाव आहे. आमच्या नव्या पोराला वाटलं, क्लस्टर तुटलाय. ओळ दुरुस्त करून त्यानं तीनदा रीस्टार्ट मारला. आता त्या ओळीवर मीच शेरा लिहून ठेवलाय: 'इथं बघू नको, मेंबर लिस्ट बघ.'