पहिली खोली सुंदरच करून देतात

जुनं घर एकेक खोली करत सुधारून घ्यायचं, म्हणजे राहतं घर सोडावं लागत नाही आणि पैसाही एकदम जात नाही, असा आपल्याकडे साधारण हिशेब असतो. आमचाही तोच होता. या हिशेबावर नेम धरून बसलेले ठेकेदार ठाण्यात आहेत आणि त्यातल्या एकाने आम्हाला सव्वापाच लाखांना गंडवलं. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. तसंही नाव तो उद्या बदलेल. पद्धत मात्र तीच राहील, म्हणून ती सविस्तर लिहिते.

घर नौपाड्यात, तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर. इमारत १९७४ची. मोझॅकच्या लाद्या, कडाप्प्याचा ओटा, आतून गंजून बुजत आलेले जुने लोखंडी (जीआय) पाइप, वायरिंग अजून ॲल्युमिनियमचं. पुनर्विकासाची बोलणी अधूनमधून निघतात आणि कधी पार्किंगवरून, कधी बिल्डरने द्यायच्या कॉर्पसच्या रकमेवरून मोडतात. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना घेऊन घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात राहायला जाणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून आधी बेडरूम, मग स्वयंपाकघर, मग मोरी-संडास आणि शेवटी हॉल असा क्रम ठरला.

ठेकेदार ओळखीतून आला. बोलायला गोड. मला वहिनी, यांना दादा, सासूबाईंना आजी. बेडरूमचं कोटेशन दोन लाख चाळीस हजार, म्हणजे आम्ही मागवलेल्या बाकी दोन कोटेशनपेक्षा बरंच कमी. काम सांगितल्या वेळेत झालं, आणि हे मुद्दाम सांगते, काम खरोखर उत्तम झालं. कपाटाला ७१० नंबरचा, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय. सनमायका चिकटवण्याआधी त्याने मला बोलावून शीटवरचा आयएसआयचा शिक्का दाखवला, दुकानाचं चलन दाखवलं. कपाटाची दारं आजही एका बोटाने लागतात. या खोलीत त्याला फारसं काही सुटलं नसणार, कदाचित पदरचेच गेले असतील. ती त्याची गुंतवणूक होती.

मग तो म्हणाला, ‘वहिनी, ओट्याची आणि मोरीची पाइपलाइन एकच आहे. दोन्ही एकदम घेऊ. एकदाच काय ती घाण होऊ दे.’ यात खोटं काहीच नव्हतं. या माणसाच्या बोलण्यात खोटं फार कमी असायचं, म्हणून तर संशय यायला वेळ लागला. कोटेशन सहा लाख ऐंशी हजारांचं. भाव वाढायच्या आत माल उचलायचा म्हणून चार लाख ॲडव्हान्स. त्यातले काही त्याच्या खात्यावर, काही ‘डायरेक्ट प्लायवाल्याला’, काही ‘मेव्हण्याच्या खात्यावर टाका, माझ्या खात्याची लिमिट संपली’. पैसे पोचले आणि लगेच बिगारी हजर. ओटा, मोरी, संडास तिन्ही एका दमात फोडून रॅबिटच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या गोण्या जिन्यात रचल्या.

त्या दिवसापासून आम्ही त्याच्या मुठीत गेलो. घरात एकही नळ चालू नाही, सासूबाई समोरच्यांच्या संडासात काठी टेकत जातायत, गॅस हॉलमध्ये टीपॉयवर. अशा अवस्थेत ठेकेदाराला ‘चालता हो’ म्हणता येत नाही. दुसरा मिस्त्री अर्धवट फोडलेल्या कामाला हात लावत नाही, लावला तर दुप्पट सांगतो. बेडरूम अर्धवट राहिली असती तर आम्ही हॉलमध्ये झोपलो असतो आणि त्याला बाहेर काढलं असतं. म्हणून बेडरूममध्ये तो सरळ वागला. पाण्याच्या दोन्ही जागा एकदम फोडून घेतल्या की माणूस मागेल तेवढे देतो, हे त्याला पाठ होतं. एक संडास-मोरी पूर्ण चालू झाल्याशिवाय स्वयंपाकघराला घण लावू देऊ नका. पाइपलाइन एक असली तरी मध्ये वॉल्व्ह टाकून काम दोन टप्प्यांत होतं. आमच्या नव्या प्लंबरने तेच केलं.

मग सुरू झाली ‘उघडल्यावर कळलं’ची माळ. जुन्या घरात भिंत उघडल्यावर नवीन काहीतरी निघतंच, त्यामुळे याला नाही म्हणणं अवघड. आधी पाइप जास्त लागला, मग भिंत ओळंब्यात नव्हती म्हणून प्लास्टर जाड झालं. मग एके सकाळी त्याने मला मोरीत बोलावून टॉर्च वर धरला. स्लॅबचा पोपडा निघाला होता आणि आतली गंजकी सळई दिसत होती. ‘आजी राहतात इथे, रिस्क नका घेऊ. मायक्रो काँक्रीट करावं लागेल. सत्तर हजार.’ आमची इमारत तीस वर्षांच्या कधीच पुढे गेलेली. अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं आणि त्याची नोटीस जिन्यात लावलेलीच होती. म्हणजे भीती आधीपासून घरात होती, त्याने फक्त दर सांगितला.

मी सोसायटीचं ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरना फोन केला. ते छोटी हातोडी घेऊन आले, सगळा स्लॅब ठोकत गेले. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने गोल केला. दोन तळहातांएवढा तुकडा निघाला. सळई घासून गंजरोधक लावायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायचं, काही हजारांचं काम. ठेकेदार हसून म्हणाला, ‘ठीक आहे, मग पुढची जबाबदारी तुमची.’ स्लॅब, कॉलम, बीम यांच्याबद्दल ठेकेदाराचं मत ऐकायचंच नाही, हे तेव्हा शिकले. ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळणार त्यानेच आजार सांगायचा, हा काय प्रकार? बाकीच्या किरकोळ ‘एक्स्ट्रा’त तरीही सव्वा लाख गेले.

याच काळात तो आमच्या घरी गिऱ्हाइकं आणायचा. बेडरूम दाखवायला! येताना स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचा. पाचपाखाडीचं एक मध्यमवयीन जोडपं आलं होतं, त्यांनी कपाटाचे खण उघडून पाहिले, छान आहे म्हणाले. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण संडासाचं भांडं बसवायचं बाकी होतं.

काम संपल्यासारखं झालं. पाण्याचा आरओ फिल्टर बसवणारा आला. पाइप न्यायला त्याने सिंकखालच्या कपाटाला ड्रिलने भोक पाडलं आणि खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन मला दाखवला. पांढुरका, कापसासारखा मऊ. ‘ताई, हा पाण्याचा प्लाय नाही.’ मी टॉर्च लावून भोकात पाहिलं तर दोन थरांच्या मध्ये नखाएवढी फट. बाहेरून सनमायका, कडेला पट्टी, आत शिक्का सुद्धा होता, ७१०. पण ७१०च्या खऱ्या शिक्क्याबरोबर सीएम/एल आणि पुढे लायसन्सचा नंबर असतो, तो नव्हता. नंबर असता तर बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपवर टाकून तो कोणत्या कंपनीचा आहे, चालू आहे की नाही, हे पाहता येतं. नुसता आकडा छापायला रबरी शिक्का पुरतो.

खात्री करून घ्यायची म्हणून बेडरूमच्या कपाटाचा माळ्यावर टाकलेला एक तुकडा काढला, सिंकखालून एक कापून घेतला आणि दोन्ही एकाच पातेल्यात उकळत ठेवले. ७१० हा मरीन प्लाय. त्याच्या मानकात बहात्तर तास उकळण्याची चाचणी आहे. आम्हाला दुपार पुरली. स्वयंपाकघरातल्या तुकड्याचे थर सुटून पाण्यावर तरंगायला लागले, बेडरूमचा तुकडा होता तसा. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, ‘आज प्लायची आमटी का गं?’ दोन्ही तुकडे पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवलेत.

वायरिंगचं त्याहून भयंकर. ओळखीच्या वायरमनने गिझरचा बोर्ड उघडला. ठरली होती चार स्क्वेअर एमएमची वायर. वायरच्या अंगावर माप छापलेलं असतं, तिथे दीड लिहिलेलं. तीन हजार वॉटचा गिझर साधारण तेरा अँपिअर ओढतो, आणि दीडची वायर सहसा दिवे-पंख्यांना टाकतात. त्यापुढे त्याने अर्थिंगची हिरवी वायर चिमट्याने ओढली. ती सरळ हातात आली. बोटभर लांबीचा तुकडा! एक टोक सॉकेटच्या स्क्रूला आवळलेलं आणि दुसरं भिंतीतल्या पाइपात नुसतं खोचलेलं. बोर्ड उघडून पाहणाऱ्याला हिरवी वायर दिसावी एवढ्यापुरतीच ती होती. ओल्या हाताने गिझरचं बटण दाबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात हे करणाऱ्याला नुसता लबाड म्हणून मी सोडणार नाही. वायरिंगचं काम चालू असताना प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, वायरवरचं छापील माप दिसेल असे, आणि अर्थिंग दुसऱ्या वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या.

मोरीचं वॉटरप्रूफिंगही तसंच. लादी बसवण्याआधी पाणी जायच्या पाइपाचं तोंड बंद करून मोरीत पाणी भरून ठेवायचं असतं, निदान एक रात्र-एक दिवस, आणि खालच्या घरात जाऊन स्लॅब बघायचा असतो. त्याने ‘केमिकल भारी आहे’ म्हणून ते उडवलं. पहिल्याच पावसाळ्यात तळमजल्यावरच्या काका-काकूंच्या छताला ओल आली. म्हणजे आमच्या पैशातून शेजाऱ्यांशी संबंधही बिघडले.

त्याच सुमारास सुतार दोघं दारात उभे राहिले. शेठने पैसे दिले नाहीत, गावी जायचंय, तुम्हीच द्या. त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं, यांनी थोडे दिलेही. पण ठेकेदाराच्या मजुरांना पैसे दिलेत तर त्याच कागदावर ‘मजुरीपोटी, ठेकेदाराच्या रकमेतून वजा’ असं लिहून सही घ्या. आम्ही तेवढं केलं होतं, पुढे उपयोगी पडलं.

ठेकेदार आधी उद्या येतो म्हणायचा, मग गावाला कोणीतरी वारलं, मग फोन बंद. कोटेशनवर जीएसटी नंबर छापलेला होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतो. तो नंबर निघाला भलत्याच धंद्याच्या नावावर, आणि नोंदणी रद्द झालेली. पक्कं बिल त्याने कधी दिलंच नव्हतं, मागितलं की ‘अठरा टक्के उगाच कशाला भरताय’. माल स्वतः दुकानात जाऊन, स्वतःच्या नावाने बिल करून घेतला आणि त्याला फक्त मजुरी दिली, तर निम्मी लबाडी करायला जागाच राहत नाही.

पोलिसांत अर्ज दिला आणि पोच घेतली. अशा व्यवहारात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी. सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता हे दाखवता आलं तरच भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं. म्हणून मुख्य भिस्त ग्राहक आयोगावर. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्ही तिथे मांडता येतात. मुदत दोन वर्षांची. तक्रारीची फी आपण ठेकेदाराला दिलेल्या रकमेवर ठरते: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. आमची बेडरूम धरून रक्कम त्यात बसली. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन करता येते, आणि सुरुवातीला काय करावं हे विचारायला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

कागद असे लागले: बँकेचे उतारे, त्यात मेव्हण्याच्या खात्यावर गेलेले पैसेसुद्धा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, जिथे त्याने ‘सेवन टेन प्लाय’ आणि ‘फोर एमएम वायर’ स्वतः लिहिलंय. याची नुसती प्रिंट चालत नाही, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडायला वकिलांनी सांगितलं, तेव्हा चॅट डिलीट न झालेला मूळ फोन जपा. ऑडिटवाल्या इंजिनिअरचा लेखी अहवाल. गरज वाटली तर आयोग प्लायचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यासाठी ते उकळलेले तुकडे सोडून एक कोरडा तुकडाही बाजूला ठेवलाय. दुरुस्ती करण्याआधी सगळ्याचं टेप लावून चित्रण केलं. गळती थांबवायला मोरी पुन्हा फोडावीच लागली.

पाचपाखाडीच्या त्या जोडप्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. पण आमच्या सुताराला त्यांची सोसायटी माहीत होती. मी वॉचमनकडे चिठ्ठी ठेवली, संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांची बेडरूम नुकतीच पूर्ण झाली होती, फार छान झाली म्हणाले, आणि सोमवारी स्वयंपाकघर आणि मोरी एकदम फोडायची होती. ती त्यांनी थांबवली. दिलेले तीन लाख मात्र तो परत करायला तयार नाही. त्यांची तक्रार आता आमच्यापाठोपाठ दाखल झाली आहे, आणि दोन्हींत मेव्हण्याचं खातं एकच आहे.