फोर्टमधल्या वकिलांचा सल्ला : नोकरी सोडल्यावर नोटीस आली तेव्हा

बीकेसीतल्या एका वेल्थ कंपनीतनं (लोकांच्या पैशांची गुंतवणूक सांभाळणाऱ्या) ॲडव्हायझरची नोकरी सोडली आणि पंधरा दिवसांत नोटीस, की दोन वर्षं दुसरीकडे हे काम करायचं नाही आणि क्लायंटशी बोलायचं नाही. झोपच उडाली हो. ओळखीतनं हायकोर्टाजवळच्या या वकीलबाईंकडे गेलो, त्यांनी आधी अख्खं ॲग्रीमेंट वाचलं, मग नीट समजावलं की १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मुळे (कामधंदा करण्यापासून रोखणारा करार त्यात रद्द धरलाय) नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही, नोकरी चालू असतानाची मात्र टिकू शकते, सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये सेंच्युरी स्पिनिंगच्या केसमध्ये ते मान्य केलंय.

पण क्लायंटची यादी, पोर्टफोलिओ, नंबर हे गोपनीय, ते घेऊन गेलात तर कोर्ट मनाई देऊ शकतं, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. माझ्या पर्सनल मेलवर एक एक्सेल होती, खरंच. म्हणाल्या, गुपचूप डिलीट करू नका, नोटिशीच्या उत्तरात कळवून परत करा. हा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटला.

फी जास्तय, वेटिंगही तासभर. तरी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन.