फो, आठ महिने आणि तीन हजारांचा ओला रुमाल

लिहायला बसलोय ते रागानेच. मंगळवारी सकाळी फोच्या, म्हणजे व्हिएतनामी शेवया-रश्श्याच्या दुकानात, शेजारच्या स्टुलावरच्या माणसाने माझ्यासारखाच ‘ताय नाम’ (कच्चे आणि शिजलेले बीफचे काप घातलेला फो) खाल्ला आणि 60 हजार डाँग (इथलं चलन) देऊन गेला. मी गेले आठ महिने 63 देतोय. लाखाची नोट दिली की 37 परत. फलकावर 60 लिहिलेलं दिसायचं, पण मला वाटायचं वरचे 3 टॅक्सचे असतील.

टॅक्स नाही. रुमाल.

सायगावात राहिलेल्यांना माहीत असेल. (कागदावर हो ची मिन्ह सिटी, लोकांच्या तोंडी अजून सायगावच.) टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात गार ओला रुमाल ठेवलेला असतो, ‘खान लान्ह’. लोक त्या पाकिटावर थाप मारून ते ‘फट्’ करून फोडतात. मीही पहिल्या आठवड्यात शिकलो आणि रोज मोठ्या आनंदाने फोडत आलो. फोडलात की 3 हजार. आपले दहा रुपये म्हणा. पण 35 आठवडे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे 5 लाख 25 हजार डाँग. पावणेनऊ वाडगे फो! हा हिशेब मी मंगळवारी ऑफिसात कॅल्क्युलेटरवर दोनदा केला.

बाकी दुकानाचं काय सांगू. शहरातल्या बिन्ह थान्ह भागात एका गल्लीच्या तोंडाशी आहे, गुडघ्याएवढी स्टीलची टेबलं, लाल प्लास्टिकची स्टुलं. मालकीणबाईंना सगळे ‘को’ म्हणतात, म्हणजे आत्या. मी वसईचा ख्रिस्ती, बीफ घरचंच. 2015 च्या कायद्यानंतर तिकडे म्हशीवर भागवावं लागतं, इथे तसं नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी ‘फो गा’ मागवावा, कोंबडीचा. आणि उच्चार ‘फो’ नाही, ‘फऽ’, शेवटी प्रश्न विचारल्यासारखा आवाज वर न्यायचा. त्या सुराचं नावच ‘होई’ आहे, म्हणजे विचारणे. मी आजही चुकतो, को आजही हसते.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं की हे बीफचं अळणी पाणी आहे आणि त्यात तांदळाच्या चपट्या शेवया टाकल्यात. म्हणून मी टेबलावरचा काळा गोड सॉस आणि लाल मिरचीचा सॉस, दोन्ही वाडग्यात ओतायचो. रस्सा चॉकलेटी व्हायचा. मग एकदा पहाटे साडेपाचला विमानतळावरून परतताना तिथे थांबलो. को निखाऱ्यावर कांदे आणि आलं सालासकट भाजत होती. साल जळून काळी, आतून रस सुटलेला. शेजारी हाडांचं पातेलं, मंद आचेवर, फेस काढून काढून नितळ झालेलं. त्यात कापडाची पुरचुंडी. तिने ती उचलून माझ्या नाकाशी धरली. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलचीची इकडची बहीण. आईचा मसाल्याचा डबा उघडल्यासारखं झालं! नवल नाही म्हणा, भारत चक्रीफूल आणि दालचिनी मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामकडूनच घेतो.

त्या दिवसापासून सॉस वाडग्यात नाही. छोट्या बशीत घ्यायचा आणि मांस त्यात बुडवून खायचं. रस्सा आधी तसाच प्यायचा, मग लिंबू. कच्च्या मांसाचे कागदासारखे काप (तेच ‘ताय’) शेवयांवर ठेवून वरून उकळता रस्सा ओतला की लाल काप डोळ्यांसमोर करडे होत जातात. तेव्हा ढवळायचं नाही, खालचे शिजू द्यायचे. मोड आणि पाल्याचं ताट फुकट: सब्जाच्या जातीची तुळस, करवतीच्या कडांची लांब पानं. हनोईला गेलो तेव्हा यातलं काहीच मिळालं नाही, नुसती कांद्याची पात आणि लसूण घातलेलं व्हिनेगर. 1954 साली देश विभागल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले, फो त्यांच्याबरोबर इथे रुजला आणि इथला गोडवा, पाला त्याला चिकटला. हनोईवाले याला नाकं मुरडतात. मला सायगावचा आवडतो, पुणेकर-मुंबईकर वादासारखा हा वाद कुणी जिंकत नाही.

असो. रुमाल.

वरचं सगळं मंगळवारी रात्री लिहिलं होतं. आज शुक्रवार. बुधवारी मी बाणेदारपणे पाकीट बाजूला सारलं. को पाहत राहिली, बोलली नाही. बिल 60. हात डब्यातल्या पातळ टिश्यूला पुसले, तो बोटांना चिकटून फाटला. मी कपड्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम करतो. दहा वाजता पांढऱ्या शर्टाच्या नमुन्यावर अंगठ्याएवढा तेलाचा डाग निघाला. ठसा कुणाचा हे शोधायला फार वेळ लागला नाही.

तेव्हा मत थोडं बदलतो. रुमाल चांगला आहे. गार असतो, उकाड्याच्या सकाळी मानेवर फिरवला की जीवात जीव येतो. पैसे घेणंही ठीक, सगळा गाव घेतो. पण फलकावर लिहा ना! 60 अधिक 3 लिहायला किती खडू लागतो?

गुरुवारी घरून रुमाल नेला. कोने तो पाहिला, माझ्या पुढचं पाकीट उचलून शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि वाडग्यात दोन काप जास्त टाकले की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. रुमालाला मात्र दिवसभर गाईच्या चरबीचा वास येत होता. बायकोने तो वेगळा धुतला.

पाचपैकी साडेचार. जायचं तर आठच्या आत जा, नंतर ‘गान’, म्हणजे शिजून मऊ झालेले स्नायूबंध, संपलेले असतात.