जिम बीम व्हाइट: बाटली अमेरिकेची, वास आपल्या शेंगदाण्याचा

पुण्यातला मित्र वर्षभर डोकं खात होता, लगा स्कॉच स्कॉच काय करतो, एकदा बर्बन पिऊन बघ की. बर्बन म्हणजे अमेरिकेची मक्याची व्हिस्की. शेवटी गेल्या शनिवारी सात रस्त्याकडनं येताना जिम बीमची व्हाइट लेबल घेऊन आलो. परदेशी मालात ही स्वस्तातली, चांगल्या सिंगल माल्टला जेवढे जातात तेवढ्यात ही घेऊन वर मटण पण येतं. 2025 च्या फेब्रुवारीत केंद्रानं बर्बनवरची ड्युटी 150 टक्क्यावरनं 100 वर आणली तेव्हा मी लई खूश झालतो, पण आपल्या राज्याची एक्साइज वेगळी बसतेच, त्यामुळं फुकट काय मिळत नाही.

पहिला पेग नीटच घेतलो, बर्फ नाही सोडा नाही. ओतल्या ओतल्या नाक घालू नका, आधी नुसता स्पिरिटचा भपका येतो. पाच मिनिटं ठेवलो, मग वास घेतलो तर व्हॅनिला, जरा जळक्या साखरेसारखं काहीतरी, आणि मागनं चक्क भाजलेले शेंगदाणे! खोटं नाही सांगत, चटणीसाठी लोखंडी तव्यावर दाणे भाजताना फोलपटं काळी पडायला लागतात ना, अगदी तोच वास. बायकोला काय आहे ते न सांगता ग्लास हुंगायला दिलो तर म्हणली, "दाणे भाजलात काय ओ?" बीमच्या दारूत हा वास बऱ्याच जणांना येतो, पण सोलापूरकराला जरा जास्तच येणार.

आता गंमत अशी की यात दाणे तर नाहीतच, वरनं साखर किंवा रंग घालायलाही बर्बनला परवानगी नाही. कायद्यानं धान्यात निदान 51 टक्के मका पाहिजे आणि माल ठेवायचा तो ओकच्या कोऱ्या, आतनं जाळलेल्या पिंपात, त्या जळक्या लाकडातनंच गोडवा आणि रंग उतरतो. ही चार वर्षं तशी पडून असते. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांत मळीचं स्पिरिट असतं, म्हणजे एका अर्थी आपल्याच कारखान्याचा ऊस, त्यामुळं धान्याची चव ही काय भानगड असते ते आपल्या जिभेला माहीतच नसतं.

चवीला मात्र वासाएवढी दमदार नाही. जिभेवर गोडसर, मक्याचं कणीस भाजून खाल्ल्यासारखं, मधेच राय धान्याचा थोडा तिखटपणा, आणि घशाखाली गेली की संपलं, मागं काय राहत नाही. पातळ वाटते. चमचाभर पाणी घातलो तर उलट बरी लागली, व्हॅनिला वर आला. एक मोठा बर्फाचा खडा चालतो, ऑक्टोबरात पंखा गरम हवा फेकत असताना तेवढं माफ आहे. सोड्यात मात्र मेली. आमचा एक दोस्त नेहमीच्या सवयीनं अर्धा ग्लास सोडा ओतला आणि वर म्हणतो कसा, ह्याच्यात काय विशेष आहे बे. कोलात छान लागते पण मग कुठलीही लागते की.

चखण्याला मी हौसेनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन बसलो, वास जुळतोय म्हणून. चुकलो. चटणीचा लसूण आणि तिखट पुढं आलं आणि दोन घासात बर्बन पाण्यासारखी लागायला लागली. नुसते खारे दाणे घ्या, एकदम जमतं.

मी दहापैकी साडेसहा देतो, त्यातला दीड नुसत्या वासाचा. रोज स्कॉच पिणाऱ्याला गोड वाटेल, रम आवडणाऱ्याला पटकन पटेल. मंगळवेढ्याकडं दोस्ताच्या रानात हुरड्याला न्यायची म्हणून अर्धी बाटली कपाटात मागं सरकवून ठेवलो होतो, काल बघितलो तर क्वार्टरच राहिलीय, आणि हुरड्याला अजून दोन महिने आहेत.