पाळीची नोंद कुठे ठेवायची? कालनिर्णय, ड्रिप, आयफोनचं हेल्थ, क्लू आणि फ्लो

पाळीची तारीख सांगणाऱ्या अ‍ॅपचं मुख्य काम चौथीतल्या मुलीला जमेल एवढंच असतं. समजा मागच्या सहा वेळचं अंतर २८, ३१, २७, ३०, २९ आणि २९ दिवस आहे. बेरीज १७४, सरासरी २९. शेवटची पाळी ४ मार्चला सुरू झाली असेल तर पुढची २ एप्रिलच्या आगेमागे. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं अंतर धरलं तर ३१ मार्च ते ४ एप्रिल. या हिशेबाला इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही, ईमेल तर मुळीच लागत नाही. त्यामुळे जे अ‍ॅप उघडल्या उघडल्या नाव, ईमेल, जन्मतारीख आणि ‘बाळासाठी प्रयत्न करताय का’ हे विचारतं, ते या हिशेबासाठी विचारत नसतं.

अ‍ॅप निवडण्याआधी एक गोष्ट मनाशी ठरवा: नोंद नेमकी कोणापासून लपवायची आहे? घरातल्या माणसांपासून, जाहिरात कंपन्यांपासून, की सरकारी यंत्रणेपासून? प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. एकापासून उत्तम लपवणारं अ‍ॅप दुसऱ्यापुढे अगदी उघडं पडू शकतं.

आपल्याकडे सगळ्यात जवळचा धोका घरातलाच. फोन हातोहात फिरतो. नणंद तुमच्या फोनवर उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ बघतेय आणि वरून पट्टी उतरते: ‘तुमची पाळी ५ दिवस लांबली आहे’. अ‍ॅपचा सर्व्हर, म्हणजे नोंदी साठवणारा कंपनीचा संगणक, जर्मनीत असो की अमेरिकेत, इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. उपाय साधा आहे. त्या अ‍ॅपच्या सूचना पूर्ण बंद करा. आठवण हवीच असेल तर फोनच्या कॅलेंडरमध्ये ‘गॅस बुकिंग’ असं काहीतरी नाव देऊन लावा. सूचना ठेवायच्याच असतील तर आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, शो प्रिव्ह्यूज इथे जाऊन ‘व्हेन अनलॉक्ड’ निवडा. अँड्रॉइडवर लॉक स्क्रीनच्या सूचनांमध्ये संवेदनशील मजकूर लपवण्याचा पर्याय असतो. पण हे दोन्ही उपाय फोन कुलूपबंद असेपर्यंतचेच. नणंदेच्या हातात उघडा फोन आहे, तिथे सूचना बंद असणं एवढंच कामाला येतं.

बरेच जण विसरतात ती गोष्ट पावतीची. गूगल किंवा अ‍ॅपलचं फॅमिली खातं असेल आणि पैसे सामाईक कार्डातून जात असतील, तर अ‍ॅपच्या वर्गणीची पावती कुटुंबप्रमुखाच्या ईमेलवर पोचते. अ‍ॅपच्या नावासकट.

कागदापासून सुरुवात करू. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली, ही पद्धत अ‍ॅपच्या आधीपासूनची. जाहिरात कंपनीला ती दिसत नाही, हॅक होत नाही, बॅटरी लागत नाही. पण ती भिंतीवर आहे. सणावाराला पाळी येतेय का हे बघायला अख्खं घर त्या फुल्या मोजत असतं. पर्समधली छोटी वही यापेक्षा कितीतरी सुरक्षित. वहीत तीनच रकाने पुरतात: सुरू झाल्याची तारीख, किती दिवस रक्तस्राव झाला, वेगळं काही वाटलं का. गायनॅक पहिल्या भेटीत जे विचारतात ते बहुतेक एवढ्यात बसतं. दर वर्षाअखेर जुनी पानं फाडायची की ठेवायची हे तुमच्या हातात. इतकं सोपं ‘डिलीट’ कुठल्याच अ‍ॅपमध्ये मिळणार नाही.

फोनमध्येच ठेवायचं असेल तर ड्रिप आणि आयफोनचं हेल्थ, या दोघांत खरी तुलना होते.

ड्रिप बर्लिनमधल्या एका छोट्या गटाने बनवलेलं मोफत अ‍ॅप आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. खातं नाही, सर्व्हर नाही, नोंद फोनमध्येच राहते. पासवर्ड लावला तर ती नोंद कूटबद्ध होते, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येत नाही. इथेच लोक फसतात. पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कोणी नाही, सगळी माहिती पुसून नव्याने सुरू करावं लागतं. फोन हरवला तरी तेच. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नोंद फाइलमध्ये बाहेर काढून ठेवावी. पण ती बाहेर काढलेली फाइल साधी, वाचता येण्याजोगी असते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवली की पासवर्डाने राखलेलं सगळं तिथेच सांडलं. पेन ड्राइव्हवर काढा आणि फोनच्या डाउनलोड्समधली प्रत पुसा. ड्रिप मुळात रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तापमान घेऊन, योनीस्राव बघून नोंद करणाऱ्यांसाठी घडवलेलं आहे. फक्त तारखा टाकणारीला त्यातले निम्मे रकाने रिकामेच दिसतील. त्याने बिघडत काही नाही.

आयफोनच्या हेल्थमध्ये पाळीची नोंद आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. फोनला पासकोड असेल आणि अ‍ॅपल खात्यावर द्विस्तरीय पडताळणी (टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन) चालू असेल, तर आयक्लाउडमध्ये जाणारी ही माहिती टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असते. किल्ली अ‍ॅपलकडेही नसते. यातली पडताळणी बंद असेल तर हा भरवसा उरत नाही, म्हणून आधी तेवढं तपासा. फोनचा बॅकअप संगणकावर घेत असाल तर ‘एन्क्रिप्ट’ची खूण हवीच, त्याशिवाय हेल्थची माहिती बॅकअपमध्ये येतच नाही आणि त्या बॅकअपवरून नवा फोन भरला तर हेल्थ कोरं दिसू शकतं.

हेल्थचा कच्चा दुवा वेगळाच आहे. दुसरी अ‍ॅप्स त्यातली माहिती मागतात आणि आपण एका झटक्यात ‘टर्न ऑन ऑल’ दाबून मोकळे होतो. परवानगी प्रत्येक प्रकारासाठी वेगळी देता येते. चालण्याच्या अ‍ॅपला पावलं द्या, पाळी देऊ नका. नकार दिला तर त्या अ‍ॅपला कळतही नाही. त्याला फक्त माहिती रिकामी दिसते. म्हणून भिडेला पडून परवानगी द्यायची गरज नाही. दिलेल्या परवानग्या हेल्थमध्ये तुमच्या फोटोवर दाबून ‘अ‍ॅप्स’मध्ये बघता येतात.

अँड्रॉइडवाल्यांना याच्या तोडीचं, सगळ्याच फोनसोबत आलेलं काही नाही. अँड्रॉइड १४ पासून आत असलेलं हेल्थ कनेक्ट हे फक्त कोठार आहे. ते माहिती फोनवरच ठेवतं आणि कोणत्या अ‍ॅपला काय दिसावं हे ठरवू देतं, पण नोंद करायला दुसरं अ‍ॅप लागतंच.

आता सर्व्हरवाली. क्लू आणि फ्लो दिसायला देखणी आहेत, लेख आहेत, अंदाज आहेत, आणि फोन बदलला तरी माहिती मागे येते. त्याची किंमत म्हणजे तुमची नोंद त्यांच्या संगणकावर.

फ्लोचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण गळती कशी होते ते त्यात लख्ख दिसतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१ मध्ये फ्लोविरुद्ध तक्रार मांडली आणि त्याच वर्षी समझोता झाला. तक्रारीनुसार कंपनी माहिती गुप्त ठेवण्याचं वचन देत होती आणि त्याच वेळी फेसबुक, गूगल यांसारख्यांना अ‍ॅपमधल्या घडामोडी कळत होत्या. कोणी डेटाबेस उचलून दिला नव्हता. अ‍ॅप बनवताना मोजमापासाठी या कंपन्यांचे तयार कोडचे तुकडे आत बसवतात. वापरणारीने एखादं बटण दाबलं की ते तुकडे त्या घडामोडीचं नाव बाहेर पाठवतात. त्यातलं एक नाव होतं ‘आर प्रेग्नन्सी वीक चोजन’. म्हणजे गरोदरपणाचा आठवडा निवडला. सोबत फोनचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखायचा क्रमांक. बाकी काही पाठवायची गरजच उरली नाही, नावानेच सगळं सांगितलं. वापरणाऱ्या बायकांनी केलेल्या दाव्यात फ्लो आणि गूगलने तडजोड केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याविरुद्ध निकाल दिला.

आपल्याकडची मंडळीही याला अपवाद नाहीत. बंगळुरूच्या माया अ‍ॅपबद्दल प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवलं की अटी मान्य करण्याआधीच फेसबुकला माहिती जात होती. त्यानंतर कंपनीने फेसबुकचे ते तुकडे काढल्याचं सांगितलं. ‘आम्ही तुमची माहिती विकत नाही’ हे वाक्य म्हणूनच फार मनावर घेऊ नये. विकली नाही, फुकट गेली.

फ्लोने सप्टेंबर २०२२ मध्ये निनावी पद्धत आणली. त्यात नाव, ईमेल, जाहिरात आयडी खात्याला जोडलेले राहत नाहीत. फ्लोच वापरायचं ठरलं असेल तर ती चालू करा, पण फोन हरवला तर नोंद परत मिळणार नाही हे धरून चाला. आणि मग प्रश्न पडतोच, फोन हरवल्यावर दोन्हीकडे सारखंच असेल तर ड्रिप काय वाईट?

क्लूची बाजू थोडी वरचढ ठरते ती कायद्यामुळे. कंपनी बर्लिनची, म्हणून युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, तिला लागू, आणि तो कंपनी युरोपात आहे म्हणून लागतो, ग्राहक कुठे राहतो यावर नाही. म्हणजे साताऱ्यात बसूनही तुम्ही तिला ईमेल करून तीन गोष्टी मागू शकता: माझी सगळी माहिती पाठवा, ती कोणाकोणाला दिली ते सांगा, आणि नंतर पुसा. उत्तराला एक महिन्याची मुदत असते, गुंतागुंतीच्या मागणीत आणखी दोन महिने. क्लू ओळख काढून टाकलेली माहिती संशोधनासाठी वापरते. हे पटत नसेल तर तिथेच थांबा.

भारतीय कायद्यावर आत्ता विसंबू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने, मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती, तशी वर्गवारी नव्या कायद्यात नाही. पाळी आणि पावभाजीची ऑर्डर एकाच तागडीत. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि त्यांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायला बंदी असेल. तेरा वर्षांच्या लेकीला अ‍ॅप घालून देणाऱ्या आईने तोवर खातं मागणारं अ‍ॅप टाळलेलंच बरं. तिच्यासाठी वही किंवा ड्रिप.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांसाठी चित्र वेगळं आहे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि टेक्साससारख्या राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी आहे. रुग्णांची माहिती जपायला रुग्णालयांना बांधणारा हिपा कायदा अशा अ‍ॅप्सना सहसा लागत नाही. तिथे कंपनीच्या वचनापेक्षा, सरकारी यंत्रणेने नोंद मागितली तर कंपनीकडे द्यायला काही आहे का, एवढंच बघायचं. ड्रिप, किंवा वर सांगितलेली काळजी घेतलेलं हेल्थ. युकी हे आणखी एक मोफत अ‍ॅप नोंद फोनवरच ठेवतं, आणि खोटा पिन टाकला की दुसराच पडदा दाखवतं. मात्र २०२२ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या गर्भपाताच्या गाजलेल्या खटल्यात पोलिसांनी मिळवले ते आई आणि मुलीमधले फेसबुकवरचे मेसेज होते. अ‍ॅप कितीही घट्ट असलं तरी मैत्रिणीला लिहिलेलं वाक्य त्याच्या बाहेरच असतं. भारतात कायद्याच्या चौकटीत गर्भपात करता येतो आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाईची ओळख उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन डॉक्टरवर आहे. अ‍ॅपवर आहे ती फक्त त्याची स्वतःची प्रायव्हसी पॉलिसी.

ऑफिसकडून फुकट मिळणाऱ्या आरोग्य अ‍ॅपबद्दल एवढंच: कंपनीला फक्त एकत्रित आकडे दिसतात असं सांगतात. चाळीस जणांच्या ऑफिसात ‘गरोदर: १’ हा आकडा एकत्रित असतो का, ते तुम्हीच ठरवा.

तर अँड्रॉइड असेल तर ड्रिप, आयफोन असेल तर हेल्थ, आणि फोन कोणाच्याही हातात पडणारा असेल तर वही. लेख आणि देखणेपणा हवाच असेल तर क्लू, तेही फक्त याच कामासाठी काढलेल्या ईमेलवर. काहीही निवडा, अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, अ‍ॅड्स इथे जाऊन जाहिरात आयडी पुसून टाका. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधल्या ट्रॅकिंगमध्ये अ‍ॅप्सना विचारायचीच परवानगी बंद करा. तिथेच खाली अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट चालू केला की आठवड्याभरात कोणतं अ‍ॅप कोणाशी बोलतं याची यादी दिसते. प्ले स्टोअरवरचा ‘डेटा सेफ्टी’चा रकाना कंपनी स्वतः भरते, तो वाचताना हे डोक्यात असू द्या.

आणि जुनं अ‍ॅप सोडताना नुसतं अनइन्स्टॉल करू नका. त्याने फोनवरची खूण जाते, सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. आधी शेवटच्या सहा तारखा कागदावर उतरवा, नव्या ठिकाणी हाताने भरायला पाच मिनिटं लागतात. मग वर्गणी असेल तर ती प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून रद्द करा, कारण खातं पुसलं तरी ती चालूच राहते. त्यानंतर अ‍ॅपच्या आतून ‘डिलीट अकाउंट’ दाबा, पुसल्याचा ईमेल येईपर्यंत थांबा, आणि तो आल्यावरच अ‍ॅप काढा.