शेळ्यांच्या पाल्याला सुबाभूळ लावावी की गिरिपुष्प?

पावसाळ्यात कोकणात चाऱ्याला तोटा नसतो. ओढाताण सुरू होते ती शिमग्यानंतर, कातळावरचं गवत करपलं की. तेव्हा बांधावर द्विदल पाल्याचं झाड हवंच. प्रथिनांत दोन्ही तोडीस तोड, त्यामुळे तो हिशेब सोडून देऊ.

सुबाभळीची जमेची बाजू म्हणजे शेळी ती आवडीने खाते. माझ्या कन्याळ शेळ्या भाऱ्यावर तुटून पडायच्या. पण डोकेदुखी तिथंच आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि कोवळ्या शेंड्यांत ते जून पानांपेक्षा कितीतरी जास्त असतं. शेळी नेमके शेंडेच आधी ओरबाडते! एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, असं सांगतात. अति झाली की केस गळतात, गलगंड होतो. आता एकाच भाऱ्यातून दांडगट शेळीने किती ओढलं नि बिचाऱ्या पाठीच्या, म्हणजे तरण्या शेळीच्या, वाट्याला किती आलं, हे रोज कोण बघत बसणार? मी तरी कंटाळलो. या विषाचा निकाल लावणारा जिवाणू हवाईच्या शेळ्यांत सापडला, 1992 साली त्याचं सिनर्जिस्टेस जोन्सी असं नामकरण झालं, ऑस्ट्रेलियात तो जनावरांना पाजतातही. आपल्या शेळीच्या पोटात तो आहे की नाही, हे मात्र वरून दिसत नाही.

गिरिपुष्पाचा दोष उघड आहे: वास. त्यात कुमारिन हे उग्र वासाचं द्रव्य असतं. नवी शेळी हुंगते आणि तोंड फिरवते. सकाळी तोडलेला पाला सावलीत पसरून संध्याकाळी मलूल झाल्यावर घातला, तर माझ्याकडे हळूहळू सगळ्या खायला लागल्या. ढीग करून बुरशी आलेला पाला मात्र उकिरड्यावरच टाकावा. बुरशीमुळे कुमारिनपासून रक्त गोठू न देणारं द्रव्य तयार होतं.

शिवाय वास झाडागणिक कमी-जास्त असतो. शेळ्या ज्या झाडाचा पाला बिनतक्रार खातात, त्याचेच खुंट पावसाच्या तोंडावर कुंपणाला ठोकायचे, म्हणजे गुण तोच उतरतो. जांभ्याच्या आम्ल मातीत गिरिपुष्प चांगलं धरतं, सुबाभूळ तिथं रडतखडत वाढते आणि वर कलमांच्या बागेत तिचं बी पडून रोपंच रोपं उगवतात, ते वेगळंच.

तुमच्याकडे मोजून घालायला माणूस असेल, जमीन बरी असेल, तर सुबाभूळ वाईट नाही. फक्त छाटणीनंतरची पहिली लुसलुशीत फूट लगेच घालू नका. गिरिपुष्प लावलंत तर दिवाळीच्या सुमारास छाटा, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी पानं गळून झाड फुलांनी भरतं.