सुसाईड क्लब (2001): पाच गोड पोरी, एक चिकट गाणं आणि डोक्याला शॉट

आधीच सांगतो, ह्या पिक्चरचा विषय आत्महत्या आहे आणि तो पहिल्या पाच मिनिटांतच अंगावर येतो. त्यामुळे ज्यांचं सध्या मन ठीक नाहीये किंवा ज्यांच्या घरात असं काही होऊन गेलंय त्यांनी सरळ सोडून द्या, काही अडत नाही, हॉरर ढीगभर पडलेत बघायला. बाकीच्यांनी या.

एका मित्राने सांगितलं की एक जपानी हॉरर आहे, त्यातला व्हिलन म्हणजे शाळकरी पोरींचा पॉप ग्रुप. मी हसलो. म्हटलं पॉप ग्रुपला काय घाबरायचं, फार फार तर गाणं डोक्यात बसेल. तर हो, गाणंच डोक्यात बसतं, आणि तिथेच तर घोळ आहे.

डायरेक्टर शिऑन सोनो. हा माणूस मुळात कवी, नंतर सिनेमात आला, मध्ये रस्त्यावर कविता ओरडत फिरणाऱ्या टोळीचा म्होरक्याही होता, आणि ते ह्या पिक्चरमध्ये जाणवतं, म्हणजे गोष्ट सांगण्यापेक्षा त्याला ओळी फेकायची हौस जास्त. बजेट अडीच लाख डॉलरच्या आसपास होतं म्हणतात, म्हणजे काहीच नाही. जपानी नाव 'जिसात्सु साकुरु'. जिसात्सु म्हणजे आत्महत्या आणि साकुरु म्हणजे इंग्रजी सर्कल, पण जपानमध्ये कॉलेजात सर्कल म्हणजे हौशी मंडळ, टेनिसचं मंडळ, फोटोग्राफीचं मंडळ, तसं हे मंडळ. नावातच खवचटपणा आहे. 'क्लब'मध्ये तो थोडा येतो, सगळा नाही.

सुरुवात शिंजुकु स्टेशनवर. संध्याकाळची गर्दी, युनिफॉर्ममधल्या पोरींचे घोळके, हसणं खिदळणं, कॅमेरा हातात धरून कोणीतरी सहज शूट करतंय असं वाटतं. मग 54 पोरी प्लॅटफॉर्मच्या कडेला रांगेत उभ्या राहतात, हातात हात घेतात. पुढचं लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर जे रक्त दाखवलंय ते इतकं जास्त आणि इतकं खोटं आहे की लाल रंगाचा टँकर फुटल्यासारखं वाटतं, आणि मला क्षणभर हसू आलं, आणि मग हसू आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. हे त्याने मुद्दाम केलंय की पैसे नव्हते म्हणून झालंय हे पूर्ण पिक्चरभर कळत नाही, आणि खरं सांगू का, तेच पिक्चरच्या फायद्याचं ठरलंय.

आणि मग थोड्याच वेळात टीव्हीवर त्या येतात. ग्रुपचं नाव डेझर्ट. पाच पोरी, बारा-तेरा वर्षांच्या, मस्त गोड, एकसारखे कपडे, सोप्या स्टेप्स, आणि गाणं काय तर मला मेल कर, पटकन सेंड दाबून टाक, अशा टाईपचं. बस. काळी जादू नाही, उलटं वाजवलं की सैतान बोलतो वगैरे काही नाही. गंमत म्हणजे ह्या ग्रुपच्या नावाचं स्पेलिंग पिक्चरमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं, कुठे जेवणानंतरचं गोड, कुठे वाळवंट, कुठे भलतंच काहीतरी. मी आधी समजलो प्रॉपवाल्याची चूक आहे, पण एवढ्या वेळा चूक होत नाही.

आता हे आज बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला लागते. पिक्चर आला तेव्हा जपानमध्ये फोनवरून मेल करणं हे नवीन वेड होतं, 1999 मध्ये आय-मोड, म्हणजे फोनवर इंटरनेट आणि ईमेल देणारी सेवा, सुरू झालं आणि पोरंपोरी आपल्यासारखे एसएमएस नाही तर चक्क ईमेल करत बसायची फोनवरून. त्याच वर्षी मॉर्निंग मुसुमे ह्या पोरींच्या ग्रुपचं 'लव्ह मशीन' तिकडे तुफान चाललेलं. आणि तिसरी गोष्ट, 1998 मध्ये जपानमधला वर्षभराच्या आत्महत्यांचा आकडा 32,863 झाला, आणि पुढे 2011 पर्यंत सलग 14 वर्षं तो 30,000 च्या खाली आलाच नाही. म्हणजे मोबाईल, गोड पोरींची गाणी आणि रोजच्या पेपरातल्या त्या बातम्या, हे तिन्ही एकाच घरात एकाच वेळी चालू होतं. सोनोने काय केलं, तर ह्या तिघांना एका वायरने जोडून दिलं आणि स्वीच ऑन केला. म्हणून तिथल्या लोकांना हा बघताना वेगळंच झोंबलं असणार.

स्टोरी म्हणाल तर पोलिसांची आहे. डिटेक्टिव्ह कुरोदा म्हणजे र्यो इशिबाशी, ज्यांनी 1999 चा 'ऑडिशन' बघितलाय ते ओळखतील, तोच तो बिचारा विधुर. हा माणूस स्वतः आधी रॉक बँडचा गायक होता, आणि इथे तो पॉप ग्रुपकडे ढुंकूनही न बघणारा पोलिस झालाय, मला तर हे कास्टिंगच भारी वाटलं. त्याचा जोडीदार शिबुसावा म्हणजे मासातोशी नागासे. एवढा चांगला नट घेतलाय आणि त्याला काम काय, तर गंभीर चेहऱ्याने गाडीत बसणं. एक वेबसाईट सापडते, तिच्यावर नुसते लाल आणि पांढरे ठिपके, आणि कोणी मरायच्या आधीच ठिपका वाढलेला असतो. मग एक पांढरी बॅग, आणि बॅगेत गुंडाळी, ती गुंडाळी कशाची आहे हे जेवताना वाचत असाल म्हणून सांगत नाही. दिसायला ती अगदी जुन्या चपलेच्या चामड्यासारखी दिसते, जवळून दाखवायला नको होती.

हॉस्पिटलचा सीन मात्र एक नंबर. रात्रपाळी, दोन नर्सेस, एक वॉचमन, अंधारा कॉरिडॉर. काहीच होत नाही बराच वेळ, नुसत्या गप्पा, आणि त्या गप्पांमध्येच पोटात गोळा येतो. पैसे नसले की असे सीन करावेत, दिवे विझवा आणि माणसांना बोलू द्या, बाकीचं काम आमचं डोकं करतं.

पण खरी मजा कुठेय सांगतो. पोलिस सगळीकडे शोधतायत, पंथ असेल, इंटरनेटवरचा कोणी असेल, गुन्हा आहे की नाही ह्याच्यावरच भांडतायत, आणि ह्या सगळ्या वेळात टीव्हीवर, पोस्टरवर, पोरांच्या तोंडी डेझर्ट चालूच आहे. तुम्हीसुद्धा ते बघताय पण बघत नाही, कारण आपल्याला सवय आहे की पिक्चरमध्ये मागे टीव्ही चालू असतो, तो काय बघायचा. मला अर्धा पिक्चर झाल्यावर लक्षात आलं की अरे, हे गाणं आपण कितव्यांदा ऐकतोय? पोलिस मूर्ख आहेत असं म्हणत होतो आणि मी स्वतः त्यांच्याच बाजूला बसलो होतो. हॉररमध्ये भूत बहुतेक वेळा अंधारात, दाराआड, पलंगाखाली लपलेलं असतं, इथे ते फुल लाईटमध्ये स्टेजवर नाचतंय आणि देश टाळ्या वाजवतोय.

आणि ह्याच्या उलट पिक्चरचा मधला भाग. इथे एक जेनेसिस नावाचा प्राणी येतो. बंद बोलिंग सेंटरमध्ये त्याचा अड्डा, चमकीचे कपडे, मेकअप, स्वतःची टोळी, आणि हा गिटार घेऊन गाणं म्हणतो, स्वतःला माहितीयुगातला चार्ल्स मॅन्सन (आपल्या टोळीकडून खून करवून घेणारा अमेरिकन) म्हणवून घेतो. रॉली नावाचा खराखुरा रॉक सिंगर आहे तो, त्यामुळे गाणं बरं म्हणतो. पण हा सगळा भाग बघणं म्हणजे शिक्षा आहे. मुळात किळसवाणा आहे, बायकांवरची आणि प्राण्यांवरची हिंसा उगाचच्या उगाच, आणि तोपर्यंत जी शांत भीती तयार झालेली ती पार मोडून पडते, असं वाटतं कोणीतरी चॅनल बदललं. मी तर पॉज करून पाणी प्यायला उठलो. पोलिसांना त्या वेबसाईटबद्दल सांगणारी एक हॅकर मुलगी आहे, जिचं कॅरेक्टर चांगलं जमत होतं, तिलाही ह्याच भागात फुकट घालवलीय.

नंतर शांत डोक्याने विचार केला तेव्हा जेनेसिस तिथे का आहे ते जरा पटलं. तो ओरडून ओरडून सांगतोय की मी वाईट आहे, मला पकडा, मला टीव्हीवर दाखवा. पोलिसांना तो सापडल्यावर सगळे खूश, केस क्लोज, कारण वाईट माणूस असाच दिसायला पाहिजे ना, लिपस्टिक लावलेला, खिदळणारा. त्याला फेमस व्हायचंय आणि जमत नाहीये, आणि तिकडे ज्या फेमस आहेत त्यांना कोणी विचारतही नाही. कल्पना चांगली आहे. पण कल्पना चांगली आहे म्हणून तो सीन बघवत नाही ही गोष्ट बदलत नाही, पाच मिनिटांत आटपलं असतं.

(पुढच्या परिच्छेदात थोडं फुटतं, नको असेल तर उडी मारा.)

मित्सुको नावाची मुलगी आहे, जिच्या बॉयफ्रेंडचं बरंवाईट झालंय, ती एका डेझर्टच्या पोस्टरसमोर उभी राहते आणि तिला काहीतरी दिसतं. पोरींच्या कपड्यांवरचे आकडे आणि त्यांनी दाखवलेली बोटं. आकडा म्हणजे फोनचं बटण, बोटं म्हणजे ते किती वेळा दाबायचं. ज्यांनी बटणवाला फोन वापरलाय त्यांना हा सीन बघताना अंगावर काटा येईल, कारण सातच्या बटणावर एस आणायला चार वेळा दाबायला लागायचं हे आपल्या अंगठ्याला अजून पाठ आहे. आजच्या पोराला हे समजवायला पाच मिनिटं लागतील आणि तोपर्यंत भीती गेलेली असेल. तरी माझ्या मते ह्या पिक्चरमधली सगळ्यात हुशार जागा हीच, एक थेंब रक्त नाही, एक पोस्टर, एक कीपॅड, खर्च शून्य.

मग फोनवरचं ते पोरगं. खोकत खोकत बोलतं, मोठ्यांना विचारतं की तुमचं बायकोशी नातं आहे, मुलांशी आहे, पण तुमचं तुमच्याशी काय नातं आहे? पहिल्यांदा ऐकल्यावर हे मला कॉलेजच्या भित्तिपत्रकातली कविता वाटली, सोनोमधला कवी बाहेर आला म्हटलं. पण कुरोदाला जेव्हा तो फोन येतो, ज्या वेळेला येतो, तेव्हा इशिबाशीचा चेहरा बघा. पूर्ण पिक्चरमध्ये जेवढी ॲक्टिंग आहे त्यातली अर्धी त्या एका चेहऱ्यावर आहे. चांगला बाप आहे हो तो, पोरांवर ओरडत नाही, घरी येतो, बसतो. आणि तरी त्याला घरातलं काही माहीत नाही.

शेवट समजला का? नाही. डेझर्टच्या मागे कोण आहे, त्यांना काय पाहिजे, त्या पोरी मारतायत की उलट जगायला सांगतायत, ह्यावर लोक अजून भांडतात, आणि दोन्ही बाजूंना पिक्चरमध्ये पुरावा मिळतो. ज्यांना शेवटी सगळ्या गाठी सुटलेल्या लागतात त्यांचा जाम संताप होणार. मला शेवटाकडच्या कोंबडीच्या पिवळ्या पिल्लांच्या सीनमध्ये सोनो स्वतःच वाट चुकलाय असं वाटलं, दिसायला भन्नाट पण अर्थ विचारू नका. पण शेवटचं गाणं आणि त्या पोरींचा तो निरोप, हसत हसत, सगळ्यांना थँक्यू म्हणत, हे मात्र बरोबर जागी लागतं. इतक्या गोड आवाजात कोणी टाटा केल्याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

उत्तरं पाहिजेतच असतील तर ह्याचा एक भाऊ आहे, 'नोरिकोज डिनर टेबल', 2005 चा. त्यात त्या वेबसाईटमागची गोष्ट आहे, पैसे घेऊन नातेवाईक होणारी माणसं आहेत, आणि सिनेमा म्हणून तो ह्याच्यापेक्षा कितीतरी पक्का आहे. पण 159 मिनिटांचा आहे आणि हॉरर म्हणून बसलात तर झोपाल. हा 99 मिनिटांचाच आहे. आधी हा, मग तो, उलट करू नका.

बघताना सबटायटल लावा, डब नको, त्या गाण्याची गंमत त्या चिरक्या गोड आवाजातच आहे. आणि जेनेसिसचा भाग पुढे ढकललात तरी स्टोरीत फार काही चुकत नाही, मी दुसऱ्यांदा तेच केलं.

हो, दुसऱ्यांदा बघितला. कुरोदाच्या घरातला सीन आला, सगळे मिळून टीव्हीवर डेझर्ट बघतात तो. गाणं परत डोक्यात बसायला नको म्हणून मी म्यूट केलं. तर जास्तच बेकार वाटलं, आई, बाप, पोरगा, पोरगी, सगळे एका ओळीत एकाच दिशेला बघून हसतायत आणि खोलीत काहीच आवाज नाही. पटकन आवाज परत चालू केला.